सॅकवाले दांपत्य : आढळ, आहार व सवयी

पाठीवर सॅक अडकवून कॅरिबियन समुद्राकाठच्या शांत गावांतून हिंडणारे दांपत्य मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात आढळते. जून ते नोव्हेंबर हा तिकडे चक्रीवादळांचा मोसम असल्याने त्या दिवसांत ते घरी राहून पुढच्या प्रवासाची एक्सेल शीट भरते. मोठमोठी रिसॉर्टे त्याला वर्ज्य असतात. मनगटाला रंगीत पट्टी बांधून बुफेपुढे रांग लावणाऱ्या जोडप्याला ते ‘टुरिस्ट’ म्हणते आणि स्वतःला ‘ट्रॅव्हलर’. टुरिस्टाचे सामान हमाल उचलतो, हा दोन जातींमधला ठळक फरक होय.

मध्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा बेलीझ हा या दांपत्याचा लाडका अधिवास. पूर्वीचा ब्रिटिश होंडुरास तो हाच. १९८१ साली तो स्वतंत्र झाला. लोकवस्ती जेमतेम चार लाख आणि राजभाषा इंग्रजी, त्यामुळे दांपत्याला भांडण सोडून बाकी सर्व व्यवहार परकीयांशी करता येतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची लांबलचक भिंत आहे. १९९६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिच्यामुळे आतले पाणी शांत राहते. दांपत्याची मराठी उपजात बहुधा टेक्सास किंवा न्यू जर्सीहून येते. ह्यूस्टनहून विमान अडीच-तीन तासांत बेलीझला उतरते, म्हणजे मुलुंडहून अलिबागला जाण्याच्या हिशेबात. ‘काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं’ हा प्रवासाचा जाहीर हेतू असतो. तो तडीस नेण्यासाठी सकाळी सहापासूनची आखणी केलेली असते.

सॅक भरण्याचे नियम सर्वांना पाठ असतात: दोन शर्ट, एक टॉवेल, ज्याचे ओझे त्याने वाहावे. प्रत्यक्षात नवऱ्याच्या सॅकेत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, तीन टॉर्च, नायलॉनची दोरी आणि गावात वीज नसल्यास काय, या प्रश्नाची अनेक उत्तरे असतात. गावात वीज असते. बायकोच्या सॅकेत खाकरे, मेतकूट, चिवडा आणि ‘अडीअडचणीला’ म्हणून ठेवलेला डबा असतो. आदल्या रात्री घरच्या काट्यावर दोन्ही सॅका नियमात बसतात. वजन वाढते ते पहिल्या जेट्टीवर.

“तुझ्या सॅकेत आहे तरी काय एवढं?”

“तुझा ट्रायपॉड.”

पहिला मुक्काम बहुतेकदा की कॉकर या बेटावर पडतो. बेलीझ सिटीहून बोटीने तासाभराच्या आत तिथे पोहोचता येते. बोटीत पुढे बसणारा प्रत्येक लाटेवर आपटतो आणि मागे बसणारा भिजतो. मध्ये बसावे, हे बोट सुटल्यावर कळते. बेटावर मोटारी नाहीत. गोल्फकार्ट आणि सायकली आहेत. रस्ते मोजके, आणि मुख्य तिन्हींची नावे पुढचा रस्ता, मधला रस्ता व मागचा रस्ता अशी आहेत. पूर्वेला पाहिले की समुद्र दिसतो, पश्चिमेला पाहिले तरी समुद्रच दिसतो. अशा गावात नवरा मोबाइलचा नकाशा उघडून मागच्या रस्त्यावर उभा राहतो आणि ‘रीकॅल्क्युलेटिंग’ होण्याची वाट पाहतो.

‘सावकाश चला’ असे सांगणाऱ्या पाट्या या बेटावर जागोजागी आहेत. दांपत्य अशी पाटी दिसली की धावत जाऊन तिच्याशेजारी फोटो काढते, कारण पुढे ‘स्प्लिट’ला सूर्यास्तापूर्वी पोहोचायचे असते. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळाने बेटाचे दोन तुकडे झाले. गावकऱ्यांनी ती फट नंतर होड्या जाण्यापुरती खोल केली. आज तिथे लोक पाण्यात पाय सोडून बसतात. दांपत्यही बसते, पण पायांच्या फोटोत नखे नीट आली नाहीत म्हणून पुन्हा बसते.

याच बेटावर दांपत्याला पहिला सामाजिक धडा मिळतो. वाणसामानाच्या दुकानात शिरून नवरा विचारतो, “पाण्याची बाटली आहे?” काउंटरमागची बाई उत्तर देत नाही. आवाज पोहोचला नसेल असे वाटून तो मोठ्याने विचारतो. बाई शांतपणे म्हणते, “गुड मॉर्निंग.”

“हो, पाण्याची बाटली...”

“गुड मॉर्निंग.”

इथे आधी माणसाला नमस्कार करायचा आणि मग वस्तूचे बोलायचे, ही रीत कॅरिबियन किनाऱ्यावर सर्वत्र पाळली जाते. दुकानात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, आत येणारा सर्वांना उद्देशून अभिवादन करतो आणि सर्वजण उत्तर देतात. बायकोला हे एका फटक्यात जमते. नवऱ्याला जमते तेव्हा अति जमते: तो बंद दुकानांना, कुत्र्यांना आणि एकदा तरी आरशातल्या स्वतःला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो.

पैशाचा हिशेब हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. बेलीझचा डॉलर १९७८ पासून अमेरिकी डॉलरच्या निम्म्यावर बांधलेला आहे. दोन्ही चलने चालतात, सुट्टे कधी यातले तर कधी त्यातले मिळतात. ‘वीस डॉलर’ म्हटल्यावर ते कुठले, हे विचारणे शहाणपणाचे असते, पण विचारल्याने आपण नवखे आहोत हे उघड होते. म्हणून नवरा विचारत नाही. तो मनात निम्मे करतो, मग त्याचे रुपये करतो, मग त्या रुपयांत डेक्कनवर काय काय आले असते ते मोजतो. तोवर बायकोने पैसे देऊन नारळपाणी पिऊन संपवलेले असते.

मुख्य भूमीवर परतल्यावर दक्षिणेकडचा प्रवास बसने होतो. या बस म्हणजे अमेरिकेत निवृत्त झालेल्या शाळांच्या पिवळ्या गाड्या. काहींना नवा रंग लागतो, काहींना तोही लागत नाही. बाके आठ वर्षांच्या मुलाच्या मापाची असल्याने पुढच्या बाकाच्या पत्र्यावर गुडघे टेकतात आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते पत्र्याशी बोलतात. सॅका मागच्या दारातून आत ढकलल्या जातात. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर नवरा अर्धा उठून, मान वळवून, सॅका उतरवल्या जात नाहीत ना ते पाहतो. त्या सॅका उचलून बघण्याची ताकद असलेला माणूस अजून बसमध्ये चढलेला नसतो. बेलमोपानपासून डँग्रिगापर्यंतचा हमिंगबर्ड महामार्ग डोंगर आणि संत्र्यांच्या बागांमधून जातो व देशातला सर्वांत देखणा रस्ता म्हणून ओळखला जातो. दांपत्य तो पाठमोरे पाहते.

“हॉपकिन्सला किती वाजता पोहोचू?” हा प्रश्न कंडक्टरला तीन-चार वेळा विचारला जातो.

“तिथे काही काम आहे का?” कंडक्टर एकदा विचारून बघतो.

“नाही. आराम करायला चाललोय.”

“मग?”

या ‘मग’चे उत्तर एक्सेल शीटमध्ये नसते.

हॉपकिन्स गाव महामार्गापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. गावात जाणारी बस चुकली तर फाट्यावर उतरून चालावे किंवा येणाऱ्या गाडीला हात करावा. सह्याद्रीत राजगड-तोरणा एका दमात केल्याचा इतिहास असल्यामुळे नवरा चालण्याचे ठरवतो. पहिला पिकअप थांबतो. ‘अनोळखी माणूस आहे’ म्हणून दोघे हसून नको म्हणतात. किलोमीटरभर ऊन खाल्ल्यावर तोच पिकअप काम आटोपून परत येतो. आता तो ओळखीचा झालेला असतो. गावात शिरल्यावर कळते, की ज्याच्या खोलीत उतरायचे आहे तो हाच, आणि पहिल्यांदा तो न्यायलाच आला होता.

हॉपकिन्स हे गारिफुना लोकांचे गाव. आफ्रिकी आणि कॅरिब-आरावाक वंशांच्या मिसळणीतून सेंट व्हिन्सेंट बेटावर हा समाज घडला. ब्रिटिशांशी झालेल्या युद्धात हरल्यावर १७९७ मध्ये त्यांना जहाजांत भरून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडण्यात आले. तिथून ते किनाऱ्याने पसरले. १८३२ मधल्या त्यांच्या आगमनाची आठवण म्हणून १९ नोव्हेंबरला बेलीझमध्ये सुट्टी असते. त्यांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या वारशाचा मान दिला. अँडी पालासियो या गायकाने ‘वातिना’ या २००७ च्या अल्बमने ते संगीत जगभर पोहोचवले. दांपत्याने हे सर्व वाचलेले असते. ढोल ऐकायचेच, असे त्याने घरून ठरवलेले असते. ढोल रात्री अकरा वाजता शेजारच्या अंगणात सुरू होतात तेव्हा मात्र ‘कुणीतरी जाऊन सांगायला हवं’ असे दबक्या आवाजात म्हटले जाते. सांगायला कोण जाणार, यावर दोघे बराच वेळ जागे राहतात.

शांत गाव किती शांत असते, हे इथे नीट पाहण्यासारखे आहे. ढोल थांबले की कुत्री सुरू होतात. कुत्री दमली की कोंबडा आरवतो; पहाट व्हायला अजून दोन-अडीच तास असतात, पण कोंबड्याला घाई असते. मध्येच सर येते आणि पत्र्याच्या छपरावर असा कडकडाट होतो, की शेजारच्या माणसाने काय म्हटले ते ऐकू येत नाही. वैवाहिक दृष्ट्या ही सर उपकारकच म्हणायची. खिडक्या उघडाव्यात तर वाळूतली बारीक चावरी चिलटे जाळीतूनही आत येतात, म्हणून खिडक्या बंद. मग झोप यावी यासाठी मोबाइलवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावला जातो. खरा समुद्र तीस पावलांवर असतो.

चिलटांवर दांपत्याकडे चार प्रकारचे फवारे असतात. ते सर्व मारून झाल्यावर घरमालकीण खोबरेल तेलाची बाटली पुढे करते. ते चोपडल्यावर चिलटे बसतात, पण तेलात अडकून चावायचे राहून जाते. बायको नवऱ्याकडे बघते. खोबरेल तेल घ्यायचे की नाही यावर घरून निघताना वाद झाला होता आणि तो कोण हरले, हे दोघांनाही ठाऊक असते.

पहाटे पाचला फावड्यांचा आवाज येतो. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ लाटांबरोबर ढिगाने येऊ लागले आहे. कुजल्यावर त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. गावकरी रोज उजाडताना ते ओढून बाजूला करतात आणि पाहुणे उठेपर्यंत वाळू पुन्हा छायाचित्रातल्यासारखी होते. दांपत्य कधी लवकर उठलेच तर फावडे हातात घेऊन ‘स्थानिक जीवनात सहभागी’ होते. नवरा चार ढकलगाड्या भरतो, बायको त्याचा व्हिडिओ काढते, आणि गावकरी कमरेवर हात ठेवून तो कधी थांबतो याची वाट बघतात, कारण त्याने भरलेले शेवाळ चुकीच्या बाजूला टाकलेले असते.

हॅमॉक हे या प्रवासाचे बोधचिन्ह. त्यात एकट्याने पडण्यासाठी तिरके पडावे लागते. सरळ पडणारा केळीसारखा वाकतो आणि उठताना पाठ धरून उठतो. दोघांनी एकत्र पडण्याचा प्रयोग प्रत्येक दांपत्य एकदा करते. जड घटक मध्ये घसरतो आणि हलका घटक त्याच्यावर येतो. हे प्रेमाचे आसन आहे की अपघाताचे, हे बाहेरून ओळखता येत नाही. घरमालक ते पाहून लांबून विचारतो, “गाठ तपासली होती ना?” प्रश्न योग्य असतो, फक्त उशिरा येतो.

आहाराबाबत हा किनारा उदार आहे, पण शाकाहारी माणसाशी त्याचे फारसे जमत नाही. घेवड्यासारख्या लाल बिया नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवल्या की तो ‘राइस अँड बीन्स’. भात वेगळा आणि बियांची आमटी वेगळी दिली की ‘बीन्स अँड राइस’. दोन्हींत फरक नाही असे म्हणणाऱ्याला बेलीझमध्ये बसायला खुर्ची मिळते, पण आदर मिळत नाही. सोबत कोंबडी, तळलेली केळी आणि डँग्रिगाजवळ बनणारा मेरी शार्प्सचा हबानेरो मिरचीचा सॉस. त्याच्या तिखटपणाच्या पायऱ्या बाटल्यांवर लिहिलेल्या असतात. कोल्हापूरशी दूरचे नाते असलेला नवरा वरून दुसरी पायरी मागवतो, चमचाभर ओतून घेतो आणि बराच वेळ समुद्राकडे तोंड करून बसतो. देखावा फार सुंदर आहे, असे तो नंतर सांगतो.

मराठी उपजातीची खरी कसोटी संकष्टीला लागते. बेलीझचे घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे. सकाळी साडेनऊला पुण्याहून फोन येतो, “आमचा चंद्र उगवला, आम्ही जेवलो. तुम्ही?”

“आमची आत्ता कुठे सकाळ झालीय. आई, चंद्र कुठला धरायचा, तिथला की इथला?”

“जिथे आहात तिथला. तिकडे दिसतो ना?”

चंद्र दिसतो, प्रश्न तोवर खायचे काय, हा उरतो. गावात एक बाई कसाव्याची भाकरी करताना दिसते. या भाकरीला एरेबा म्हणतात. कडू कसाव्यात विषारी रस असतो. म्हणून कंद सोलून, बारीक खडे बसवलेल्या लाकडी पाटावर किसतात आणि तो कीस रुगुमा नावाच्या लांब, वेताने विणलेल्या नळीत भरतात. नळी वरून टांगून खालून ताणली, की ती बारीक होत जाते आणि विषारी रस पिळून निघतो. उरलेला भुगा वाळवून, चाळून मोठ्या तव्यावर पसरतात; त्याची पातळ, कडक भाकरी होते आणि कित्येक आठवडे टिकते. आपला साबुदाणाही याच कंदाचा. म्हणजे ही भाकरी उपासाला चालायला हवी. तरी खात्री करण्यासाठी पुण्यात रात्रीचे दहा वाजलेले असताना पुन्हा फोन लावला जातो.

“चालेल. पण त्या तव्यावर मासे भाजले नसतील ना?”

प्रश्न भाषांतर होऊन बाईपर्यंत जातो. “हा तवा भाकरीचा आहे,” ती थोडी दुखावून म्हणते आणि दुसऱ्या हाताने भाकरीबरोबर खायला माशाचे, नारळाच्या दुधातले कालवण पुढे करते. ते नको म्हटल्यावर ती विचारते, “तुमच्यापैकी कोण आजारी आहे?”

इथे एक नोंद करण्यासारखी आहे. कसावा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमुळे तो भारतात आला. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची याही अमेरिकेच्याच. उलट इथल्या किनाऱ्यावर ज्याची चित्रे छापतात तो नारळ हिंदी महासागराकडचा. पोर्तुगीजांनीच तो केप व्हर्दमार्गे अटलांटिकपलीकडे नेला. उपासाचे अख्खे ताट ज्या गोलार्धातून आले, तिथे येऊन दांपत्य सॅकेतला डबा उघडते आणि साबुदाण्याच्या चिकोड्या कोरड्याच खाते. अडीअडचण म्हणतात ती हीच.

पुढचे गाव प्लासेन्सिया. अरुंद भूशिराच्या टोकावरच्या या गावाची जुनी मुख्य वाट म्हणजे वाळूतून गेलेली, सुमारे चार फूट रुंद सिमेंटची पायवाट. जगातला सर्वांत अरुंद मुख्य रस्ता म्हणून गिनेस बुकाच्या हवाल्याने तिची ख्याती सांगितली जाते. पाठीवर सॅक असताना इथे दोघांना बरोबरीने चालता येत नाही, आणि एकामागून एक चालताना भांडता येत नाही. पुढचा बोलतो ते वाऱ्यावर जाते. मागचा बोलतो ते पुढच्याच्या सॅकेला लागते. त्यामुळे वाट संपेपर्यंत भांडणाचा अर्धाच भाग दोघांपर्यंत पोहोचलेला असतो. पूर्ण भांडण ऐकलेले असते ते दोन्ही बाजूंच्या ओसरीवर बसलेल्या लोकांनी, आणि ते दोघांनाही आळीपाळीने ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात.

तिथून बोटीने खारफुटीतून पलीकडे, मग पुन्हा बसने पुंटा गोर्दा. या भागात १९ व्या शतकात ऊसमळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज राहतात. हळदीला ते पिवळे आले म्हणतात. बाजारात एखादा म्हातारा दांपत्याकडे निरखून बघतो. “इंडियाचे का? माझे पणजोबा पण तिकडचे.”

“अरे वा! कुठले?”

“बोटीवरचे.”

यापलीकडे काही विचारता येत नाही. तरी नवऱ्याने ‘म्हणजे यूपी की बिहार?’ असे विचारलेले असते. म्हातारा त्याला एक पेरू देतो.

पुंटा गोर्दाहून बोटीने ग्वाटेमालातल्या लिव्हिंग्स्टनला जाता येते. देश बदलतो, चलन बदलते, भाषा स्पॅनिश होते. लिव्हिंग्स्टनला येणारा रस्ताच नाही. सर्व काही, कोकाकोलाच्या क्रेटपासून गाद्यांपर्यंत, पाण्यातून येते. नवऱ्याने मोबाइलवर स्पॅनिशचा अभ्यास केलेला असतो. ‘माझ्या काकांचे मांजर दूध पिते’ हे तो अस्खलित म्हणू शकतो. पासपोर्ट तपासणारा अधिकारी मुक्काम किती दिवसांचा, असे विचारतो तेव्हा दोघांच्याही मनात तेच मांजर येते. बायको बोटांनी आकडा दाखवते आणि शिक्का बसतो. दुपारी तापादो मिळतो: खेकडा, कोळंबी, अख्खा मासा आणि कच्ची केळी नारळाच्या दुधात उकळलेली. संकष्टी संपलेली असल्याने त्याबद्दल मतभेद होत नाहीत.

किनाऱ्यावरचा मार्ग इथे संपतो. पुढे रिओ दुल्से नदीतून, उंच कड्यांमधून बोट आत जाते. धक्क्यावर नावाडी विचारतो, “जाण्याचं तिकीट की येण्याजाण्याचं?”

“जाण्याचं,” नवरा म्हणतो.

“येण्याजाण्याचं,” त्याच क्षणी बायको म्हणते.

“ठरवा सावकाश,” नावाडी सांगतो, “अजून आठ माणसं यायची आहेत. तोवर बोट काही सुटत नाही.”